गावकी, सरकार आणि आप्पा: सत्ता नेमकी कुणाची?

शेवटची_एसटी

धागा लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

आमचं गाव कोकणात. नाव देत नाही, कारण गावातले निम्मे लोक इथे वाचक म्हणून येतात. माझे चुलते, आप्पा, २०१३ साली वाळीत पडले. गुन्हा काय, तर शेजारच्यानं बांध कोरला म्हणून ते सरळ तालुक्याला जाऊन दिवाणी दावा लावून आले. आमच्याकडे नियम असा की आधी गावकी, मग कोर्ट. हा नियम लिहिलेला कुठेच नाही, पण शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. गावकीची बैठक बसली. दहा हजार दंड आणि देवळात नारळ ठेवून माफी, असं ठरलं. आप्पा म्हणाले, "दंड भरतो, पण पावती द्या."

पावती द्यायची गावकीत पद्धत नाही. आप्पा बसले हटून. झालं.

वाळीत म्हणजे काय हे शहरातल्यांना सांगतो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त कुणी बोलत नाही. दुकानदार म्हणतो साखर संपली, आणि मागे पोतं दिसत असतं. रिक्षावाला म्हणतो सीट भरली. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, ती आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि वळली. काकू आरतीचं ताट घेऊन उभी होती. आजी गेली तेव्हा गावातून एक माणूस खांद्याला आला नाही. आम्ही भाऊ रात्रीतून मुंबईहून पोचलो तेव्हा तिरडी उचलली. माझ्या वडिलांचं नावही मुंबई मंडळाच्या यादीतून गेलं. चाळीतल्या एका खोलीत महिन्याला बसणारं मंडळ, पण हुकूम चारशे किलोमीटरवर चालतो.

आप्पा पोलीस पाटलाकडे गेले नाहीत. जाऊन उपयोग नव्हता, दंड ठरला त्या बैठकीत तो सतरंजीवरच बसला होता.

आता मूळ मुद्दा. मी सदतिसाव्या वर्षी बाहेरून राज्यशास्त्रात एम. ए. करतोय. पहिलाच पेपर पाश्चात्त्य राजकीय विचार. हॉब्ज (१६५१, डोळ्यांसमोर इंग्लंडमधलं यादवी युद्ध) म्हणतो की सरकार नसेल तर माणसं एकमेकांच्या उरावर बसतील, म्हणून सगळी सत्ता एकाच्या हाती सोपवा. लॉक म्हणतो, जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क सरकारच्या आधीचे. सरकारकडे ते विश्वासानं सोपवलेत, विश्वास मोडला तर सरकार बदला. रूसो (१७६२) म्हणतो की सगळ्यांची मिळून एक सामुदायिक इच्छा असते आणि जो ती पाळणार नाही त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल. हे वाक्य वाचताना मला आमच्या गावकीचे अध्यक्षच दिसले.

तिघांचे झगडे वेगळे, पण मांडणीत पात्रं दोनच. एकीकडे राज्य, दुसरीकडे व्यक्ती. मग आप्पांना चिरडलं ते कुणी? ते राज्य नव्हतं. करार मोडणारी एकटी व्यक्तीही नव्हती. आप्पांना सरकार जास्त झालं नव्हतं, कमी पडलं होतं.

हे तिसरं पात्र मला सापडलं ते बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८च्या संविधान सभेतल्या भाषणात. मसुद्यात खेड्याला जागा नाही अशी टीका होत होती. त्यावर ते म्हणाले की मसुद्यानं खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, या अर्थाचं त्यांचं वाक्य तर प्रसिद्धच आहे. माझा दावा असा: आपल्याकडे व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा पहिला शत्रू सरकार नाही, जात-गाव-भावकी आहे. त्यामुळे "सरकार जितकं कमी तितका माणूस मोकळा" हे सूत्र इथे उलटं चालतं.

चुकत असेन तर सांगा. परीक्षेच्या आत सांगितलंत तर बरं.

थंडचहा

वाचलं. पालखी अंगणाच्या कडेवरून वळणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्याला कितीही समजावलं तरी कळणार नाही. काकूंच्या ताटाशी दोन मिनिटं थांबलो.

मधला_बाक

धागा आवडला, पण एका ठिकाणी तुमचा मार्क कापणार. (तीस वर्षं शिकवलं, सवय जात नाही.)

पात्रं दोनच आहेत हे हॉब्ज-लॉकपुरतं ठीक. पण १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत हे तिसरं पात्र नाव घेऊन पुढे आणतो, आणि तेही स्वातंत्र्यावरच्या निबंधाच्या पहिल्याच प्रकरणात. तो म्हणतो की समाज स्वतःच जुलमी झाला तर तो जुलूम कित्येक राजकीय जुलमांहून भयंकर असतो. त्यात शिक्षा सौम्य दिसते, पण सुटायला वाट कमी असते, कारण तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतो आणि आत्म्यालाच गुलाम करतो. साखर संपली म्हणणारा तुमचा दुकानदार मिलनं पाहिला नव्हता, पण ओळखला होता.

आता गंमत पाहा. हाच मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षं नोकरीला. आणि त्याच प्रकरणात तो सांगून टाकतो की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. रानटी लोकांवर हुकूमशाही चालेल, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झालं. म्हणजे तुमच्या आप्पांचं दुःख त्याला कळलं असतं, पण आप्पांना मताचा हक्क द्या असं त्यानं म्हटलं नसतं.

हे सगळं वाचून पुण्यात एक माणूस पेटून उठला होता. आगरकर. मिल आणि स्पेन्सर दोन्ही पचवलेला. त्यावर कुणीतरी लिहा, माझी बोटं दुखतात टंकताना.

शेवटची_एसटी

सर, मार्क कापलात ते मान्य. मिलचं ते प्रकरण मी गाईडातून वाचलं होतं, आणि गाईडात हा भागच नाही. आता मूळ वाचतो.

पर्वती_पायथा

आगरकरांवर मी लिहितो, पण मी टिळकांच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी शोध लावायला नको.

१८९१चा संमतिवयाचा कायदा. पार्श्वभूमी अशी की कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं मेली. तेव्हाच्या दंडसंहितेत वयाची अट दहा होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. मग व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले स्कोबल यांनी जानेवारी १८९१ला विधेयक आणलं आणि मार्चमध्ये कायदा झाला. वय दहाचं बारा. बस, इतकंच. आज वाचून अंगावर काटा येतो, पण तेव्हा या दोन वर्षांवरून पुणं दुभंगलं.

टिळकांना बालविवाह हवे होते असा एक सोपा समज आहे. तो खोटा आहे. मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, असं स्वतःवर बंधन घालून घ्या आणि त्यावर सह्या करा, हा प्रस्ताव टिळकांनीच मांडला होता. त्यांचं म्हणणं एवढंच की हे समाजानं स्वतः करावं. ज्या सरकारला आपण निवडलेलं नाही त्याला घराच्या उंबऱ्याआत घेऊ नये. एकदा आत आलेलं सरकार बाहेर जात नाही. सत्तेचं तत्त्वज्ञान म्हणाल तर हे काही मागास नाही. उलट लॉकला जवळचं आहे: ज्यांची संमती नाही, त्यांचा अधिकार नाही.

कात्रीबाई

@पर्वती_पायथा, "ज्यांची संमती नाही त्यांचा अधिकार नाही" हे वाक्य संमतिवयाच्या कायद्याच्या विरोधात वापरलंत! एकदा हळू आवाजात वाचून बघा.

पर्वती_पायथा

लागलं. पण मुद्दा राहतोच. परक्या सरकारची संमती आणि दहा वर्षांच्या मुलीची संमती हे दोन प्रश्न आहेत. दोन्ही खरे आहेत.

कात्रीबाई

खरे आहेत ना, मग एका प्रश्नाच्या आड दुसरा लपवायचा नाही. पुरुषांनी सह्या करून स्वतःवर बंधन घालायचं, आणि ज्यांनी सही केली नाही त्यांच्या घरातल्या मुलींचं काय? त्या कुणाच्या यादीत? आगरकरांचं भांडण हेच होतं. समाज आपण होऊन सुधारेल तेव्हा सुधारेल, तोपर्यंत मरतं कोण? आणि समाजानं त्यांना उत्तर काय दिलं, तर जिवंतपणी त्यांची अंत्ययात्रा काढली. हीसुद्धा गावकीच की, फक्त पेठांमधली.

वकीलबाई

उशिरा आले, कोर्टात होते. धागाकर्त्यांच्या मूळ दाव्याला मला एक खुट्टी मारायची आहे. सरकार विरुद्ध समाज, आणि सरकार व्यक्तीच्या बाजूला, असं चित्र तुम्ही काढलंत. प्रत्यक्षात सरकार कित्येकदा समाजाच्या हातात काठी देतं.

रखमाबाईंचा खटला बघा. अकराव्या वर्षी लग्न, त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. नवरा दादाजी भिकाजी १८८४ला मुंबई हायकोर्टात गेला: बायको ताब्यात द्या. न्या. पिन्हे यांनी १८८५ला दावा फेटाळला. दावा ज्या तत्त्वावर होता ते मुळात इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेलं, हिंदू धर्मशास्त्रात अशी सक्ती सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ला न्या. फॅरन यांनी सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या कैद चालेल. शेवटी १८८८ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

आता सांगा, इथे जुलूम कुणाचा? नवऱ्याचा आणि बिरादरीचा, हो. पण बिरादरीकडे तुरुंग नव्हता. तुरुंग विलायती कायद्यानं पुरवला. आणि सनातनी मंडळींनी "आमच्या धर्मात सरकारनं पडू नये" म्हणताना हा विलायती हुकूम मात्र आनंदानं घेतला. म्हणून उंबऱ्याची चर्चा आली की मी नेहमी विचारते: उंबऱ्याआत सरकार नको, की उंबऱ्याआतल्या बाईच्या बाजूनं आलेलं सरकार नको?

हे जुनं झालं म्हणू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. वैवाहिक संबंधांची पुनःस्थापना. अजून आहे. आंध्र हायकोर्टानं १९८३ला ते घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं एका दुसऱ्या खटल्यात ते वैध ठरवलं. मी या कलमाखाली अर्ज करणारे नवरे दर महिन्याला पाहते. बहुतेकांना बायको नको असते, पोटगी टाळायची असते.

थंडचहा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

रानपाखरू

मी गडचिरोली जिल्ह्यातली. सगळे मिळून खेड्याला झोडपताय म्हणून लिहिते आहे.

मेंढा-लेखा ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." ही घोषणा तिथली. गोंड गाव. ग्रामसभेत मतदान होत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत बसतात. बहुमतानं एकाला गप्प करायची सोयच नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, देशात सगळ्यांत आधी मिळालेल्यांपैकी. आणि तो मिळवला कुणाकडून? सरकारकडूनच, वनखात्याशी भांडून. आमच्याकडे रानातून बांबू तोडला तर पकडणारा, दंड करणारा आणि पावती न देणारा माणूस गावकीचा नव्हता. तो सरकारी गणवेशात होता.

म्हणजे तुमच्या आप्पांना सरकार कमी पडलं, आमच्या आजोबांना जास्त झालं. एकच सूत्र दोघांना लावू नका.

गांधीजींना हेच दिसत होतं. माणसाला आत्मा असतो, राज्य हे आत्मा नसलेलं यंत्र आहे, त्याची सत्ता वाढताना पाहून मला भीती वाटते, असं ते १९३४च्या एका मुलाखतीत म्हणाले होते. आणि आंबेडकरांच्या त्या भाषणानंतर तीनच आठवड्यांत संविधान सभेनं ग्रामपंचायतींचं कलम घातलंच, आजचं कलम ४०. खेडं पार हद्दपार झालं नाही.

शेवटची_एसटी

@रानपाखरू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. वनखात्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझ्या धाग्यातला "आपल्याकडे" हा शब्द फार मोठा झाला, तो मागे घेतो.

पण सर्वसहमतीबद्दल एक शंका, खोचक नाही, खरंच विचारतोय. आमच्या गावकीचा दंडही सर्वानुमतेच ठरला होता. एक हात वर गेला नाही. आप्पांचा सख्खा साडू तिथे बसला होता. ज्याला उद्या एकटं पडायची भीती आहे तो सर्वसहमतीत नाही म्हणेल का?

रानपाखरू

योग्य प्रश्न. माझं उत्तर अर्धंच आहे. तुमच्या गावकीत बायका होत्या का बैठकीला? तरुण मुलं? आमच्याकडे बायका बसतात आणि बोलतात. मेंढ्यात सभेच्या आधी अभ्यासगट बसतो, तिथे विषय महिनोनमहिने घोळतो, निर्णय मागाहून. घाई नसली की भीती थोडी कमी होते. पूर्ण जात नाही. आणि एक गाव म्हणजे सगळी गावं नाहीत, हेही कबूल.

शेवटची_एसटी

बायका? गावकीत? आमच्याकडे काकू स्वतःवरच्या बहिष्काराचा निर्णय ऐकायलाही नव्हती. आप्पांनी घरी येऊन सांगितलं.

माडाखाली

गोव्याहून. आमच्याकडे गांवकारी, पोर्तुगीजांनी नाव दिलं कोमुनिदाद. गावची जमीन सामायिक, उत्पन्नातला वाटा (झोण) गांवकारांना. फार लोकशाहीची व्यवस्था म्हणून कौतुक होतं, आणि पोर्तुगीजांच्या आधीपासूनची आहे हे खरंच. पण गांवकार म्हणजे मूळ वसवणाऱ्यांचे पुरुष वंशज. पिढ्यान्पिढ्या त्याच गावात राबणारा कूळ गांवकार नाही. घटकाच्या आत कोण धरलंय हे आधी बघायचं, मग लोकशाही मोजायची. एवढंच. चालू द्या.

अनिवासी_भुंगा

फुको कुठाय? इतका मोठा धागा आणि फुको नाही?

मधला_बाक

आला नाही म्हणून तर धागा वाचता येतोय.

अनिवासी_भुंगा

हाहा. पण सर, थोडं आणतोच. बेंथमच्या तुरुंगाचा आराखडा: मधे मनोरा, भोवती कोठड्या, मनोऱ्यातला पहारेकरी दिसत नाही, म्हणून कैदी सतत स्वतःवरच पहारा ठेवतो. फुको हा फ्रेंच विचारवंत म्हणतो आधुनिक सत्ता अशी चालते, शाळेत, इस्पितळात, कारखान्यात. मला वाटतं गावकीला मनोऱ्याचीही गरज नाही. समोरच्या ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसलेली बाई पुरते. फरक इतकाच की ओटीवरच्या बाईवर दुसऱ्या ओटीवरून पहारा आहे. सगळेच कैदी आणि सगळेच पहारेकरी.

आणि हे खेड्यातच आहे असं समजू नका. मुंबईत फ्लॅट शोधा: मांसाहारी नको, एकटी मुलगी नको, अमुक आडनाव नको. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व फक्त पारशांना, हा उपनियम मान्य केला. सहकारी संस्था म्हणजे स्वेच्छेनं एकत्र आलेली माणसं, त्यांना आपले सोबती निवडायचा हक्क आहे, असा तर्क. आता गावकीनं उद्या संस्था म्हणून नोंदणी केली तर?

वकीलबाई

नोंदणी केली तरी बहिष्कार टाकता येणार नाही, महाराष्ट्रात तरी. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ला विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ला लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. वाळीत प्रकरणांवर कोकणातून आणि जातपंचायतींवर नाशिक-नगरकडून जो गदारोळ झाला त्याचं हे फळ.

पण याच्याआधीही एक प्रयत्न होता. मुंबई राज्यानं १९४९ला बहिष्कृतीविरोधी कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी (त्यांचे धर्मगुरू) आव्हान दिलं आणि १९६२ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला. बहिष्काराचा अधिकार हा धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्याचा भाग, असं म्हणत. वेगळं मत देणारे एकटे सरन्यायाधीश सिन्हा. त्यांचा युक्तिवाद असा की वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि ती संविधानानं बंद केली आहे. तो निकाल २०२३ला मोठ्या घटनापीठाकडे गेला आहे.

म्हणजे "स्वातंत्र्य" हा शब्द दोन्ही पक्षकारांच्या वकिलांनी वापरला. समूहाचं स्वातंत्र्य, आणि समूहातून बाहेर फेकलेल्याचं स्वातंत्र्य. एम. ए.च्या पेपरात लिहायचं तर हे लिहा.

जुनी_सायकल

सरकारला एवढं बोलावताय म्हणून आठवण करून देतो. २८ एप्रिल १९७६. आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबलं तरी त्याला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं चार-एकनं ठरवलं. एकटे न्या. खन्ना विरोधात, आणि त्याची किंमत म्हणून सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल अधिकृतपणे मोडीत निघायला २०१७ उजाडलं. त्याच काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना. पुढे त्यांना तुरुंगात टाकलं.

माझे वडील तेव्हा येरवड्यात होते. गावात कुणी आमच्याशी बोलणं टाकलं नाही. उलट रात्री कुणीतरी ओट्यावर ज्वारीचं पोतं ठेवून जायचं. कोण ते आईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा गाव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते पोतं येतं.

थंडचहा

साखरेचं पोतं आणि ज्वारीचं पोतं. एकाच धाग्यात.

कात्रीबाई

@जुनी_सायकल, नमस्कार घ्या काकांच्या आठवणीला. पण एक विचारू? ते पोतं गावातल्या सगळ्या घरांच्या ओट्यावर आलं असतं का, की आपल्यातल्या घरांच्याच?

जुनी_सायकल

विचार करतोय. आमच्याबरोबर वस्तीतला एक मुलगाही आत होता. त्याच्या घरी काय गेलं मला माहीत नाही. कधी विचारलंही नाही.

मधला_बाक

हा प्रश्न आला आणि महाड आलं पाहिजे. मुंबई विधिमंडळानं सी. के. बोल्यांनी मांडलेला ठराव १९२३ला केला: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ला तो स्वीकारला. कागदावर राज्य व्यक्तीच्या बाजूनं उभं राहिलं. तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणी चवदार तळ्याला हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ला लोक तळ्यावर गेले, ओंजळ भरली, आणि मग मार खाल्ला. नंतर पालिकेनं ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं तेव्हा तळं खाजगी आहे म्हणून दिवाणी कोर्टातून मनाई आणली गेली. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं तहकूब केलं आणि खटला लढले. हायकोर्टाचा निकाल बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

मला यात नेहमी अडकायला होतं ते डिसेंबरमध्ये. सरकारकडून काही मिळत नाही हे दिसत होतं. तरी कोर्टाचा मनाईहुकूम पाळला. भाबडेपणा म्हणावा असा तो माणूस नव्हता. माझा अंदाज असा की समाजाशी लढताना दुसरी कुठलीही तटस्थ जागा त्यांना दिसत नव्हती, आणि असलेली एकुलती एक जागा आपणच मोडायची नाही, असा हिशेब असावा. वर्गात हे मांडलं की मुलं गप्प व्हायची. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, हे दुसऱ्यांना दहा वर्षं थांब म्हणण्यासारखं आहे." तिला मी काही उत्तर देऊ शकलो नव्हतो, अजूनही नाही.

पर्वती_पायथा

मी गेले दोन दिवस नुसता वाचतोय. टिळकांची बाजू सोडत नाही, पण सह्यांच्या कागदावर ज्यांची नावं नव्हती त्यांचं काय, हा कात्रीबाईंचा प्रश्न माझ्याकडे उधारीवर आहे.

अवांतर: आप्पांचं पुढे काय झालं? धागाकर्ते विसरले.

शेवटची_एसटी

विसरलो नाही, कालच फोन केला. हा धागा वाचून दाखवला. "फुको कोण?" एवढंच विचारलं.

आप्पांनी कधी पोलिसात तक्रार दिलीच नाही. २०१७ला नवा कायदा आल्याचं पेपरात आलं, तालुक्याला पोलिसांनी गावोगावच्या पाटलांना बोलावून समज दिली, आणि आठवड्यात गावकीची बैठक बसली. त्यात ठरलं की झालं गेलं विसरायचं. दंडाचा विषय कुणी काढला नाही. फक्त चार वर्षांची शिमग्याची वर्गणी थकली आहे, तेवढी आप्पांनी भरावी, म्हणजे पालखी येईल.

आप्पा म्हणाले, भरतो. पावती द्या.

पुन्हा तीच बैठक, तीच सतरंजी. दोन तास गेले म्हणे. शेवटी खजिनदाराच्या मुलानं तालुक्यावरून पावतीपुस्तक छापून आणलं, वर देवाचं नाव, खाली "ग्रामस्थ मंडळ". आप्पांनी पैसे मोजून दिले आणि सहीच्या खाली नाव वाचता येईल असं लिहून घेतलं. त्यानंतर गावात सगळेच पावती मागायला लागले आहेत, त्यामुळे खजिनदार वैतागलाय.

पालखी त्या वर्षी अंगणात आली. काकू बाहेर आली नाही. ताट आप्पांनीच धरलं.

पावती त्यांनी सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवली आहे. नंबर ००१.

बांधाचा दावा अजून चालू आहे.

वकीलबाई

तारीख कधीची आहे?

शेवटची_एसटी

पुढच्या महिन्यात. माझ्या पेपरच्याच दिवशी.